खुराडं बंद असूनही पिल्लं गायब होतात? घूस, उदमांजर, मुंगूस आणि कायमचा बंदोबस्त

गेल्या वर्षी मे संपता संपता आमच्या खुराड्यातली नऊ पिल्लं चार रात्रींत गेली. दाराला कडी होती, जाळी शाबूत होती. सकाळी डालगं, म्हणजे कोंबडी झाकायची टोपली, उचललं की कोंबडी पिसं फुलवून उभी आणि पोटाखाली कालच्यापेक्षा दोन-तीन पिल्लं कमी. रक्ताचा थेंब नाही, पीस नाही, ओढत नेल्याची खूण नाही. अकरा पिल्लं निघाली होती, दोन उरली.

ही पहिली वेळ नव्हती. आधीच्या दोन वर्षांतही असंच झालं होतं आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी उपाय सांगितला होता. सासूबाईंचं म्हणणं मुंगूस, शेजारच्या काकांचं म्हणणं उदमांजर. रात्रभर बल्ब जळत ठेवला, कुत्रा खुराड्याशी बांधला, पिंजरा लावला, पिंजऱ्यात दोन घुशी सापडल्याही. दर उपायानंतर पंधरा दिवस, फार तर महिना बरा जायचा आणि मग पुन्हा तेच.

आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. वीसेक कोंबड्या आहेत, बहुतेक गावठी आणि चार गिरिराज. परड्यात काजू आणि माड, मागे चिऱ्यांचा गडगा, गडग्यापलीकडे रान. कोकणात बहुतेकांचं परडं असंच असतं, म्हणून आमच्याकडे जे चुकत होतं ते इतरांकडेही चुकत असणार असं मला वाटतं. आम्ही प्राण्याच्या मागे लागत होतो. एक घूस धरली की तिच्या बिळात दुसरी येते, कारण तिला बोलावणारा दाणा आणि आत घेणारी फट जिथल्या तिथे असते. दाणा आणि फट या दोन गोष्टींवर काम केल्यापासून आमचं एकही पिल्लू रात्री गेलेलं नाही.

आधी कोणी नेलं ते ओळखा

अंदाजावर जाऊ नका. चुलीतली राख चाळून घ्या आणि रात्री कोंबड्या कोंडल्यावर खुराड्याच्या चारी बाजूंना, दारासमोर आणि छपराखालच्या भिंतीच्या माथ्यावर हातभर रुंद पसरा. थर पातळ हवा, जाड राखेत ठसा ढासळतो. पावसाळ्यात वळचणीखालच्या कोरड्या जागेत तरी पसरा. सकाळी झाडू मारायच्या आधी बघा.

चार बोटं आणि नख्यांच्या खुणा नाहीत, तर मांजर किंवा रानमांजर. चार बोटं आणि पुढे नख्या टोचलेल्या, तर कुत्रा किंवा कोल्हा, आकारावरून कळतं. पाच बोटं असतील तर मुंगूस किंवा उदमांजर. त्यात मुंगूस दिवसाचं जनावर आहे, अंधार पडला की ते बिळात असतं. रात्री पसरलेल्या राखेत पाच बोटं उमटली तर ते बहुतेक उदमांजर नाहीतर जवादी मांजर. उंदीर-घुशीचे ठसे बारीक असतात, पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, आणि पुष्कळदा मधून शेपटीची रेघ ओढलेली दिसते.

ठशांबरोबर बाकीच्या खुणाही बघायच्या. उदमांजर आणि जवादी मांजर आत शिरलं तर एकीवर थांबत नाही, चार-पाच कोंबड्यांच्या माना आणि डोकी चावून टाकतं आणि नेतं एखादीच. गडग्यावर किंवा छपरावर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर उदमांजराची ये-जा आहे असं समजा. कोल्हा अख्खी कोंबडी उचलतो, रानाच्या दिशेने पिसांची ओळ दिसते. मोकाट कुत्रे मारतात आणि तिथेच टाकून जातात. अंडी कवचासकट नाहीशी झाली तर साप किंवा घूस. पिल्लू मेलेलं आहे, डोकं-मान ओली चिकट आहे आणि जखम नाही, तर सापाने गिळायला घेऊन टाकून दिलेलं असतं.

घुशीचं मात्र वेगळं आहे. ती काहीच मागे ठेवत नाही. पिल्लू पायाला धरते आणि खाली ओढते. मोठ्या कोंबड्यांच्या पायांची बोटं आणि मागचा भाग कुरतडलेला दिसला तर तेही उंदीर-घुशीचं काम. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसतच नाही, ती दांडीवर बसली की बसून राहते आणि खालून कोणी कुरतडलं तरी उडून जात नाही. आमच्या एका गिरिराज कोंबडीच्या पायाला जखम होती ती मी आठ दिवस काटा लागला म्हणून हळद भरत होते.

अजून एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. अर्धवट खाल्लेली कोंबडी सापडली म्हणजे खाणाऱ्यानेच ती मारली असं नसतं. मानमोडीने, म्हणजे राणीखेतने मेलेली कोंबडी रात्री खुराड्यात पडली तर उंदीर तिला कुरतडतात आणि आपण सकाळी उंदरांवर चिडतो. हे ओळखायला चावलेल्या जागेची पिसं काढून कातडी थोडी सोलून बघा, हातात मोजे घालून. कातडीखाली रक्त साकळलेलं, काळंनिळं दिसलं तर चावा जिवंतपणी घेतलेला आहे. नुसतंच मांस खाल्लेलं आहे आणि रक्ताचा डाग नाही तर कोंबडी आधीच मेली होती. अशा वेळी जाळीवर खर्च करण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. हिरवी पातळ विष्ठा, मान वाकडी होणं, श्वासाला घरघर, एकामागून एक कोंबड्या बसणं ही मानमोडीची लक्षणं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही लस द्यायची असते.

चौथ्या रात्री काय दिसलं

राखेचा प्रयोग आम्ही केला नव्हता, तो मागाहून शिकलो. त्या चौथ्या रात्री मी पडवीत चटई टाकून बसले होते, बॅटरी हाताशी. दोन वाजून गेल्यावर कोंबडीचा आवाज आला, ओरडणं नाही, घशातल्या घशात कुरकुर. खुराड्यात उजेड टाकला तर बाहेरून काहीच आलेलं नव्हतं. डालग्याच्या आत, कोंबडीच्या पोटाजवळची माती हलत होती. शेणाने सारवलेली जमीन तिथे पापुद्र्यासारखी उचलली गेली होती आणि त्या भोकातून घुशीचं तोंड वर आलेलं. उजेड अंगावर पडूनही ती लगेच गेली नाही. पिल्लाचा पाय दातात धरून मागे सरली. मी दार उघडून आत जाईपर्यंत भोकात नुसती पिसाची टोकं दिसत होती.

सकाळी यजमानांनी पहार घेऊन ते बीळ खणलं. न्हाणीच्या सांडपाण्याच्या चराजवळ त्याचं तोंड होतं, चिऱ्याच्या जोत्याखालून सहा-सात फूट येऊन बरोबर डालग्याखाली वर निघालं होतं. वाटेत एक बाजूला फुगवटा होता. त्यात तांदळाची कणी, भाताचा तूस, पिल्लांचे पंख आणि दोन अख्खी अंडी. कणी साधारण शेरभर निघाली. ती सगळी आमच्याच हाताने खुराड्यात टाकलेली.

कणी बघून मला सगळा उलगडा झाला. घूस पिल्लांसाठी आली नव्हती. ती दाण्यासाठी आली, तिथेच राहिली, आणि पिल्लं तिच्या घराच्या वर येऊन बसली.

दाणा बंद, पाणी बंद

संध्याकाळी कोंबड्या आत गेल्यावर आम्ही दोन-तीन मुठी कणी जास्तीची टाकायचो, सकाळी उठल्या उठल्या त्यांना काहीतरी असावं म्हणून. ही सवय सर्वांत आधी मोडली. कोंबडी अंधारात खात नाही. रात्री खुराड्यात पडलेला प्रत्येक दाणा उंदराचा.

आता साडेचार-पाचला अंगणात बोलावून दाणा घालते. दिवसभर मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी 40-50 ग्रॅम, म्हणजे मूठभर पुरतो. अर्ध्या तासात संपेल एवढाच घालायचा, उरला तर झाडून उचलायचा. दाणा जमिनीवर फेकण्यापेक्षा पाटीत घातला तर उचलायला सोपं जातं. पाण्याचं भांडंही रात्री आत ठेवायचं नाही. घुशीला आणि उंदराला रोज पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात खुराड्यातलं पाणी त्यांना ओढून आणतं. कोंबडीला रात्री पाणी लागत नाही, पण उजाडताच द्यायला विसरू नका.

दाण्याचं पोतं कधीही जमिनीवर ठेवू नका, आणि प्लास्टिकच्या पिंपावरही विश्वास ठेवू नका, घूस कड कुरतडते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. आमच्याकडे तेलाचा 15 किलोचा डबा झाकण बसवून घेतलाय, तेवढा पुरतो.

बाजाराच्या दिवशी मासे साफ केले की आतडी आणि डोकी परड्यात कोंबड्यांपुढे टाकायची पद्धत सगळीकडे आहे. कोंबड्या थोडं खातात आणि बाकीच्या वासावर रात्री उदमांजर, कोल्हा, कुत्रे सगळे येतात. आता आम्ही ती माडाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरतो. काजूची बोंडं आणि सडके फणसही खुराड्याजवळ पडू देऊ नका. उदमांजर मुख्यतः फळांवर जगतं, फणसाला आलेलं जनावर शेजारी कोंबडी दिसली की सोडत नाही.

अंडी दिवसातून दोनदा काढा. सकाळी दहाच्या सुमारास आणि दुपारी चारला.

बीळ चालू आहे की बंद

घरामागे दहा बिळं दिसतात, पण सगळ्यांत कोणी राहत नसतं. संध्याकाळी सगळ्या तोंडांवर माती दाबून लिंपा. सकाळी जी उकरलेली असतील ती चालू. बिळाच्या तोंडाशी ताज्या ओल्या मातीचा ढीग आणि शेंगदाण्याएवढ्या लेंड्या दिसल्या तर ती घूस. चालू बिळाच्या तोंडाशी दोन पिंजरे लावा, पण पहिल्या दिवशी पिंजरा ताणून ठेवू नका. उंदीर-घुशी नवी वस्तू दिसली की तिच्यापासून लांब राहतात. तीन-चार रात्री पिंजरा नुसता उघडा ठेवा, आत भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा किंवा सुका बोंबील ठेवा, त्यांना खाऊन जाऊ द्या. चौथ्या-पाचव्या रात्री पिंजरा लावा. आमच्याकडे पूर्वी पहिल्याच रात्री लावलेले पिंजरे बहुतेक वेळा महिनाभर रिकामे राहायचे, यावेळी आठवड्यात पाच घुशी सापडल्या.

बीळ रिकामं झालं की मग ते काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवायचं. आधी नाही, नाहीतर आतली घूस दुसरीकडून तोंड काढते. दाणा बंद केल्याशिवाय हे करत बसू नका. उंदराची मादी जवळपास तीन आठवड्यांत विते, आपली कोंबडी 21 दिवस रवणावर, म्हणजे अंडी उबवायला बसते तेवढ्याच वेळात. खायला मिळत राहिलं तर पिंजरा त्यांना पुरा पडत नाही.

या कामात हातमोजे आणि गमबूट घाला. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा रोग, उंदराच्या मुतातून पसरतो, पायाला चीर असेल तर ओल्या मातीतून शरीरात जातो. 2005 च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने किती माणसं आजारी पडली ते अनेकांना आठवत असेल, आणि आपल्याकडे भातलावणीत हा धोका दरवर्षी असतो. बीळ खणल्यावर महिनाभरात कधीही ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना उंदरांचं काम केल्याचं आपणहून सांगा.

खुराडं

आमच्याकडे वरच्या अर्ध्या भागाला षटकोनी भोकांची कोंबडी जाळी होती. ती जाळी कोंबड्या आत ठेवायला असते, जनावर बाहेर ठेवायला नाही. तार बारीक, नुसती पिळलेली, उंदीर कुरतडतो आणि कुत्रा दातांनी फाडतो. भोकं मोठी असली तर मांजर पंजा घालून दांडीवरच्या कोंबडीची मान ओढतं. माझे धाकटे दीर अमेरिकेत न्यू जर्सीला असतात, त्यांच्या शेजाऱ्यांकडे कोंबड्या आहेत आणि तिथे रकून नावाचं जनावर येतं. ते म्हणाले, "वहिनी, त्याचे हात माणसासारखे चालतात. साधी कडी तो काढतो. इथे लोक दोन कड्या लावतात आणि अर्ध्या इंचाचीच जाळी वापरतात." तिथल्या रकूनला जे लागतं तेच इथल्या घुशीला आणि उदमांजराला लागतं.

वेल्ड केलेली, अर्धा इंच चौकोनाची जाळी घ्या. दुकानात वेल्डमेश म्हणून मागा आणि गेज विचारा. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. एक इंचाची स्वस्त पडते, पण त्यातून उंदराचं पिल्लू सहज जातं. एक खूणगाठ बांधा: कुठल्याही फटीत करंगळी गेली तर तिथून लहान उंदीर जातो. याच मापाने सगळं खुराडं एकदा बसून, हात लावून तपासा. आमच्याकडे सर्वांत मोठी गळती निघाली ती छपराला. पत्र्याच्या लाटा भिंतीवर टेकतात तिथे प्रत्येक लाटेखाली इंचभर पोकळी राहते. दुरून काही दिसत नाही, पण आतून वर बघितलं की उजेडाची ओळ दिसते. त्या सगळ्या पोकळ्या जाळीचे तुकडे दाबून वर सिमेंटने भरल्या. कौलारू खुराडं असेल तर कौलांखाली जाळी मारल्याशिवाय उदमांजर थांबत नाही.

जाळी नुसत्या यू खिळ्यांवर ठेवू नका, ते ओढून निघतात. जाळीवर लाकडी पट्टी ठेवून स्क्रू मारा. आतली बसायची दांडी जाळीपासून हातभर आत घ्या.

जमिनीसाठी दोन मार्ग आहेत. खुराडं जमिनीवरच असेल तर आतून तीन इंचांचा कोबा करा, आणि बाहेरून जाळीची एक पट्टी भिंतीला लावून जमिनीखाली वितभर उतरवून मग बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरा आणि माती टाका. खणणारं जनावर भिंतीच्या कडेलाच खणतं. जाळी लागली की तिथेच धडपडत राहतं, दीड फूट मागे जाऊन खणावं हे त्याला सुचत नाही. आपल्याकडच्या पावसात पुरलेली जाळी लवकर गंजते, म्हणून पुरायच्या आधी तिला डांबर फासा.

दुसरा मार्ग, जो आम्ही पिल्लांसाठी घेतला, तो काकांनी सुचवला. मी कोबा करायचा म्हणून वाळू-सिमेंटचा हिशोब करत होते, तेव्हा ते गडग्यावर बसून बघत होते. म्हणाले, "सूनबाई, माडाला उंदीर चढू नये म्हणून पत्रा मारता ना? मग खुराड्याच्या पायांना का नाही मारत?" आमच्या प्रत्येक माडाला तो गुळगुळीत पत्र्याचा पट्टा आहे, रोज डोळ्यांपुढे आहे, आणि तरी हे सुचलं नव्हतं. आता पिल्लांची पेटी तीन फूट उंच चार खांबांवर आहे. उंदीर उभ्या उभ्या दोन-अडीच फूट उडी मारतो, म्हणून त्याहून कमी उंची नको. प्रत्येक खांबाला दीड फूट उंचीचा पत्रा गुंडाळलाय, सांधा घट्ट. पेटीचा तळ अर्ध्या इंचाच्या जाळीचा, त्यावर कोपऱ्यात बसायला तुसाची पाटी. विष्ठा खाली पडते, ती रोज झाडायची. पेटीला काही टेकलेलं राहता कामा नये, ना काठी, ना झावळ, ना शिडी. चढायची फळी संध्याकाळी काढून ठेवायची. एकदा मुलाने केरसुणी टेकवून ठेवली होती आणि सकाळी पत्र्याच्या वर लेंड्या होत्या. जाळी होती म्हणून त्या रात्री निभावलं.

रवणावरच्या कोंबडीला डालग्याखाली नुसत्या जमिनीवर कधीच ठेवू नका, डालग्यावर कितीही मोठा दगड ठेवला तरी. वर दगड असतो आणि चोर खालून येतो. खाली फरशी हवी.

गिरिराज आणि तशा जड जातींबद्दल एक सांगायचं आहे. गावठी कोंबडी संकट आलं तर झाडावर उडते, रात्र फांदीवर काढते. जड कोंबडी उडत नाही. तिला मोकळ्यावर रात्र काढू दिली तर ती जाणारच.

मुंगूस आणि घार

मुंगूस दिवसाढवळ्या येतं, म्हणून खुराड्याची जाळी त्यावर काही करत नाही. ते गडग्यातल्या पोकळ्यांत, लाकडांच्या ढिगात, करवंदीच्या जाळीत राहतं. आम्ही खुराड्याभोवतालचं गवत कापलं, जळणाचा ढीग दुसऱ्या बाजूला हलवला आणि गडग्याच्या जवळच्या पोकळ्या दगड ठोकून भरल्या. मुंगसाला उघड्यावरून धावत यायला नको असतं, आठ-दहा पावलं मोकळी जमीन असली की कोंबडा आधी ओरडतो. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत दिवसाही जाळीच्या आवारात ठेवावीत, यावर मला तरी दुसरा उपाय सापडलेला नाही.

घारीसाठी जुनं मासेमारीचं जाळं वर ताणतात, ते चालतं. फक्त त्याच्या कडा जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका. नायलॉनच्या जाळ्यात धामण अडकते आणि सुटायच्या धडपडीत कापली जाऊन मरते. उंदीर खाणारं एवढं कामाचं जनावर आपणच मारायचं, हे बघवत नाही.

मुंगूस, उदमांजर, जवादी, रानमांजर, धामण, अजगर हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना धरणं, मारणं गुन्हा आहे. अजगर खुराड्यात सापडण्याचे प्रकार कोकणात होतात, कारण तो फटीतून आत येतो, कोंबडी गिळतो आणि फुगल्यामुळे त्याच फटीतून बाहेर जाऊ शकत नाही. सकाळी असं दिसलं तर काठी घेऊ नका. बाकीच्या कोंबड्या बाहेर काढा, दार लावा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

हे करू नका

झिंक फॉस्फाईडची काळी पूड कृषी केंद्रात मिळते आणि शेतात घुशींसाठी वापरतात. कोंबड्या फिरतात त्या परड्यात ती आणू नका. पिठात कालवलेली गोळी घूस ओढत नेते, वाटेत सांडते आणि सकाळी कोंबडी टिपते. त्या विषावर उतारा नाही. एका घुशीने थोडं खाऊन तिला त्रास झाला तर पुन्हा ती त्या वाटेला जातही नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांनी उंदीर काही दिवसांनी मरतो, पण तो मरतुकडा उंदीर खाणारं गव्हाणी घुबड आणि घरची मांजरही मरू शकते.

चिकटपट्टी नको. तिच्यावर पाल, साप, पिल्लू काहीही चिकटतं आणि तासन् तास तडफडतं.

आणि कुंपणाला घरातली वीज सोडणं तर मनातही आणू नका. रानडुकरांसाठी सोडलेल्या अशा तारांनी माणसं मेली आहेत. हा गुन्हा आहे, आणि अंधारात आपल्याच घरातलं कोणी कोंबड्या कोंडायला जातं.

वर्षातून दोनदा तपासणी

पहिला पाऊस पडला की बिळांत पाणी भरतं आणि घुशी उंच, कोरड्या जागेकडे निघतात, म्हणजे आपल्या जोत्याकडे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापून झालं की शेतातले उंदीर घराकडे वळतात. या दोन्ही वेळांच्या आधी एक सकाळ काढा. करंगळीचं माप घेऊन सगळ्या फटी बघा, गंजलेली जाळी बोटाने दाबून बघा, तुटली तर बदला. दाराच्या खालच्या कडेकडे विशेष लक्ष द्या. पावसाच्या शिंतोड्यांनी लाकूड तिथे कुजतं आणि उंदीर कुरतडायला तिथूनच सुरुवात करतात. आम्ही खालच्या कडेला चार बोटं रुंद पत्रा दोन्ही बाजूंनी ठोकलाय आणि उंबऱ्याला फरशी बसवली आहे.

त्या अकरांतली जी दोन पिल्लं वाचली, त्यातली एक तलंग निघाली. तीच यंदा पहिल्यांदा खुडूक झाली आणि पत्रा मारलेल्या पेटीत तेरा अंड्यांवर बसली आहे. आज तिचा सतरावा दिवस आहे. खांबांभोवती मी अजून रोज रात्री राख पसरते. परवा तिथे बारीक चार बोटांचे ठसे होते, एका खांबाला वळसा घालून परत गेलेले.